एकोपा सोसायटीची विद्या

भिंतीत उगवलेला पिंपळ काढायचा असला की मुलुंड पूर्वेच्या चार-पाच सोसायट्या दत्ताराम कोयंड्यांना निरोप पाठवत. पिंपळाला हात लावायला सहसा कुणी धजत नाही. रंगारी नको म्हणतो, वॉटरप्रूफिंगवाला नको म्हणतो, सेक्रेटरीची बायको तर नकोच म्हणते. ठेवावा तर तो पाइप फोडतो आणि पावसाचं पाणी घरात आणतो. मग दत्ताराम येत. छज्ज्याच्या सांध्यात, ड्रेनेजच्या पाइपामागे अडकलेलं मूळ छिन्नीने हळूहळू मोकळं करत, ओल्या फडक्यात गुंडाळत आणि घरी घेऊन जात. झाड जिवंत राहिल्यामुळे पाप कुणालाच लागत नसे. खाली उभी असलेली माणसं समाधानाने आपापल्या घरी जात.

माझ्या मालनमावशीचे ते यजमान, म्हणून माझे दत्ताकाका. मूळचे देवगडकडचे. वडील परळच्या गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा काका एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात नुकते फिटर म्हणून लागले होते. पुढे तोही बंद पडला. उरलेली नोकरी त्यांनी लिफ्ट दुरुस्तीत काढली. राहायला मात्र एकोपा सोसायटी, कारखान्यातल्या कामगारांनी मिळून बांधलेली, तीन मजल्यांची आणि बिनलिफ्टची. लिफ्टवाला जिने चढतोय, ही चेष्टा त्यांनी सगळी वर्षं ऐकून घेतली.

काढून आणलेले वड-पिंपळ ते खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवत. बिस्किटांचा डबा, फुटकी कढई, जुन्या फ्रिजचा भाजीचा ट्रे, जे हाताला लागेल त्यात. बोन्साय हा शब्द त्यांच्या आयुष्यात फार उशिरा आला, निवृत्तीनंतर, घाटकोपरला एका शाळेत रविवारी चालणाऱ्या अस्मिता मॅडमच्या वर्गात. आपण इतकी वर्षं जे करत होतो त्याला नाव आहे, त्याची प्रदर्शनं भरतात, हे कळल्यावर ते थोडे लाजलेच होते.

अशाच एका प्रदर्शनात त्यांनी बंगळूरहून आणलेला ज्युनिपर पाहिला, थंड हवेतलं सूचिपर्णी झाड. खोड जुनं, पिळवटलेलं, एका बाजूची साल सुकून पांढरी पडलेली आणि त्या पांढऱ्याला खेटूनच दाट हिरवा झुबका. काका त्याच्यासमोरून हलेनात. मावशीला वाटलं, पाय भरून आले असतील. घरी येताना ते एवढंच म्हणाले की वड-पिंपळ आपलं ऐकतात, कसेही कापा, पुन्हा फुटतात. हे झाड कुणाचं ऐकत नसणार.

त्यानंतर त्यांचा शोध सुरू झाला. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्या, पवईच्या, पार बोरिवलीपर्यंतच्या. अशी झाडं मुंबईत बाहेरून ट्रकने येतात. मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा, त्यावर काळी पिशवी. ट्रकमधून उतरतात तेव्हा मोठी देखणी असतात. इथे टिकेल ना, असं काकांनी एका नर्सरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अंकल, मीपण गावावरनंच आलोय. टिकलोय ना?" या उत्तरावर काकांनी झाड घेतलं.

ते दिवाळीपर्यंत हिरवंगार होतं. काकांनी ते कौतुकाने वर्गात नेलं. अस्मिता मॅडमनी एक डहाळी दोन बोटांत धरून वाकवली. ती काडेपेटीतल्या काडीसारखी मोडली. झाड गणपतीच्या आधीच गेलंय, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा काकांना ती थट्टा वाटली. मग मॅडमनी सगळ्या वर्गालाच समजावलं. वडाचं काही बिनसलं की तो आठवड्याभरात पानं टाकून मोकळा होतो. सूचिपर्णी झाडांचं तसं नसतं. मूळ कुजलं, आतला ओलावा आटला, तरी पानं महिनोन् महिने हिरवी राहतात. माणूस पाणी घालत राहतो. बाहेरून आलेली ही झाडं आपल्या दमट हवेत अशीच जातात, आणि त्या लाल गोळ्यात पाणीही नीट शिरत नाही. बोन्सायसाठी जाड, जुनं खोड हवं असेल तर ते इथल्याच हवेत वाढलेलं शोधा, नर्सरीत नका शोधू, कुणाच्या तरी अंगणात असेल, असंही त्या म्हणाल्या.

काकांनी आणखी दोन ज्युनिपर आणले आणि घालवले. मग एका रविवारी वर्गातून परत येताना ते एकोपाच्या गेटपाशी थांबले. रोज ज्याच्या शेजारून जात-येत होते त्या झाडाकडे त्यांनी खाली वाकून पाहिलं.

मोरपंखी म्हणतात ते झाड, तेही सूचिपर्णीच्याच गोतातलं. पानं चपटी, पंख्यासारखी उभी, हातात चुरडली की रंगीत पेन्सिलीसारखा वास येतो. शाळेतल्या मुलांना मोरपंखी हा शब्द ठाऊक नसतो. त्यांच्या लेखी ती विद्या. तिची डहाळी पुस्तकात ठेवली की अभ्यास येतो. दसऱ्याला पाटीपूजनाला ती लागते, परीक्षेच्या सकाळी लागते, गणिताच्या पेपराला जरा जास्तच लागते. एकोपातली विद्या तळमजल्यावरच्या सुगंधाताईंनी लावली होती. त्या महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. सोसायटीतली मुलं दोन पिढ्या तिची टोकं खुडत आली होती; शेजारच्या दोन सोसायट्यांतलीही येऊन खुडून जात.

एरवी मोरपंखी सरळ उंच वाढते. या झाडाला कुणी वाढूच दिलं नव्हतं. टोक आलं की खुडलं, आलं की खुडलं. त्यामुळे ते काकांच्या कमरेएवढंच राहिलं आणि सगळी वाढ खोडात उतरली. बुंधा मांडीएवढा जाड, खाली पसरत गेलेला, मुळं जमिनीवर बोटांसारखी पकडलेली. बोन्सायवाले ज्यासाठी आयुष्य घालवतात ते काम मुलांनी पुस्तकांत डहाळ्या ठेवता ठेवता करून टाकलं होतं. काकांनी ते मावशीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यां? ह्यां तर आपला विद्येचा झाड. तुमी काय नवीन शोधलात?"

पण विद्या सोसायटीची होती. काकांना ती मागायची हिंमत झाली नसती. ती पुनर्विकासाने दिली. एकोपा पाडून तिथे टॉवर होणार हे तेव्हा ठरल्यातच जमा होतं. नकाशात गेटची जागा रुंद केलेली होती आणि विद्या बरोबर तिथे येत होती. आंबा आणि नारळांसाठी रीतसर परवानगी मागायची होती. विद्येला कुणी झाडात धरलंच नव्हतं. झुडूप म्हणून ते जाणारच होतं.

सोसायटीच्या सभेत काका उठून उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नसत. विद्या मी काढतो, सांभाळतो, आणि नवी बिल्डिंग झाली की तिच्या दारात आणून ठेवतो, असं ते म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या धोंडिराम मिराश्यांनी मागून टोमणा मारला की सोसायटीचं झाड कुंडीत घालून हे प्रदर्शनात मिरवणार, आणि बक्षीस मिळालं तर ते कुणाच्या खात्यात जाणार? लोक हसले. सेक्रेटरी यज्ञेश तरुण मुलगा, तो म्हणाला, "मिराशीकाका, तुम्ही सांभाळता का मग? द्या नाव." मिराश्यांनी नाव दिलं नाही. विद्या काकांकडे आली.

मिरवायची इच्छा काकांना नव्हती असं मी म्हणणार नाही. बुंध्याचा पुढचा भाग कोणता, कुठली फांदी ठेवायची, हे ते तेव्हापासूनच ठरवत होते. जेवताना मीठ वाढलेलं त्यांना दिसत नसे. पण त्या सभेनंतर त्यांच्या बोलण्यातून बोन्साय हा शब्द कमी झाला. आपल्याकडे सोपवलेलं आहे, असं ते म्हणायला लागले.

इतकं जुनं झाड एकदम उपटता येत नाही. अस्मिता मॅडमनी रीत सांगितली होती. एका पावसाळ्यात अर्ध्या बाजूने चर खणायचा, तिथली जाड मुळं तोडायची, चरात विटांचा चुरा आणि कोळशाची भुकटी भरायची. वर्षभरात त्या बाजूला बारीक मुळांची जाळी धरते. दुसऱ्या पावसाळ्यात उरलेली अर्धी बाजू. मग त्यानंतरच्या थंडीत झाड उचलायचं. आषाढात काकांनी अर्धा चर खणला. पावसात छत्री मानेत धरून ते खणत होते आणि वरच्या खिडक्यांतून लोक सूचना देत होते. दुसऱ्या आषाढापर्यंत वेळ होता. पुनर्विकास म्हणजे काय ते मुलुंडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. समोरच्या सोसायटीचं बोलणं मुलं लग्नाला आली तरी चालू होतं. घाई करायची कुणाला गरज वाटली नाही.

एकोपाच्या परवानग्या मात्र भराभर आल्या. फाल्गुनात नोटीस लागली. मुलांच्या परीक्षा संपल्या की घरं रिकामी करायची. सोसायटीत पेढे वाटले गेले. काकांनी पेढा हातात धरला आणि यज्ञेशला विचारलं की गेटचा तो कोपरा पावसाळ्यापर्यंत ठेवतील का. यज्ञेशने डेव्हलपरच्या ऑफिसात जाऊन खरंच विचारलं. परत येऊन तो म्हणाला, "काका, हो म्हणालेत. पण ते सगळ्यालाच हो म्हणतात." माती तपासायचं मशीन त्याच गेटमधून आत येणार होतं.

उन्हाळा तोंडावर आला होता. अर्धी बाजू तयार, अर्धी नाही. काकांनी मॅडमना फोन केला. मॅडमनी कुठल्या बाजूला किती मुळं धरलीत ते विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, पर्याय नसेल तर काढा, पण एक ध्यानात ठेवा. "ह्याला वडासारखं समजू नका, काका. अंगावर जेवढं हिरवं आहे तेवढ्यावर ते मुळं धरणार. एक टोकसुद्धा तोडायचं नाही. उघड्या पडलेल्या फांदीला पुन्हा काही येत नाही."

घर सोडायच्या आधीच्या आठवड्यात काकांनी विद्या काढली. हाताशी दोन मजूर होते, पण मुळांना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. चराच्या बाजूला मुळं लोकरीसारखी आली होती, तपकिरी, मऊ. ती बघून त्यांनी मावशीला खाली बोलावून घेतलं. दुसऱ्या बाजूला मात्र जाड सोट मुळं सरळ कुंपणाच्या भिंतीखाली शिरलेली. ती करवतीने कापावी लागली. कापताना सगळ्या अंगणात पेन्सिलीचा वास पसरला. घरातल्या माळ्याच्या फळ्या आता कुठे लागणार होत्या. त्या ठोकून काकांनी पेटी केली, तळाला भोकं पाडली, झाड पेटीला सुंभाने बांधलं. हलायला नको होतं ते. पंपरूमच्या सावलीत पेटी ठेवली, भोवती ओलं गोणपाट. भांडुपला भाड्याच्या घरी जायचा टेम्पो रविवारी येणार होता, बाकी सामानासोबत.

शनिवारी संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम होता. अंगणात सत्यनारायण, मग जेवण. सोडून गेलेले जुने लोकही आले. लग्न होऊन डोंबिवलीला, नाशिकला गेलेल्या मुली आल्या, त्यांची मुलं आली. माणसं रिकाम्या घरांतून फिरत होती, कुणी दाराच्या चौकटीचा फोटो घेत होतं, कुणी जिन्यातल्या कठड्यावर उगीच हात फिरवत होतं. काका पंगतीत वाढत होते. हातात मसालेभाताचं पातेलं.

सुगंधाताई आधी आल्या. काठी टेकत पंपरूमपाशी गेल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि झाडाला हात जोडले. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "दत्ताराम, एक डहाळी घेऊ का रे? पोथीत ठेवीन." काकांनी मान हलवली. एका डहाळीने काय होतं. ताईंनी ती अलगद खुडली, डोळ्यांना लावली, आणि त्यांना रडू आलं. ते रडू बाकीच्यांनी पाहिलं.

मग रांग लागली. आपल्याकडे देवळाबाहेर लागते तशी, कुणी न सांगता. प्रत्येकाला विद्या हवी होती. अमेरिकेत असलेल्या मुलासाठी हवी होती, नातवाच्या पहिलीच्या दप्तरासाठी हवी होती, नुसती आठवण म्हणूनही हवी होती. एकोपातून बरोबर न्यावं असं दुसरं काय होतं? लहान मुलं वाकून खालची टोकं खुडत होती, मोठी माणसं वरची. एकीने सगळ्या बहिणींसाठी म्हणून एक फांदीच मोडून घेतली.

काका पातेलं घेऊन तसेच उभे होते. मग पातेलं खाली ठेवून ते पेटीपाशी गेले. थोडंच घ्या, टोकं राहू द्या, असं ते म्हणत होते. मावशी सांगते, त्यांचा आवाज लग्नात आहेर नको म्हणणाऱ्या माणसासारखा होता, आणि लोकांनीही तो तसाच घेतला. उलट डहाळी घेतलेला जो तो त्यांच्या पाया पडायला लागला. काका, तुम्ही होतात म्हणून विद्या वाचली. मिराशीही आले. हातात डहाळी, डोळे ओले. सभेत बोललो ते मनात धरू नकोस, असं काहीतरी म्हणाले. मग झाडाकडे बघून जरा संकोचाने विचारलं, "खूपच खुडली रे आम्ही. पण फुटेल ना परत? नेहमी फुटायची."

"फुटेल," काका म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते ते, मला कळत नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हते. पण असते तरी कुणाला काय सांगितलं असतं? नेहमी फुटायची हे खरंच होतं. तेव्हा तिची मुळं भिंतीखालून पार रस्त्यापर्यंत गेलेली होती.

रविवारी टेम्पोतून विद्या भांडुपला आली. एक बाजू जवळजवळ उघडी पडलेली, दुसरीकडे जे काही हिरवं उरलं होतं ते. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीला दुपारचं ऊन थेट लागे. काकांनी मावशीची जुनी सुती साडी आडवी बांधली. दिवसातून कितीदा तरी ते पिचकारीने पानांवर पाणी मारत. मुळांना जपून, कारण पाणी साचलं तर कुजतील. मी भेटायला गेले की मला आधी बाल्कनीत नेत. बघ, हिरवी आहे, म्हणत. हिरवी होतीच. उरलेलं सगळं हिरवं अगदी जसंच्या तसं होतं.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, एकोपा परिवार. सकाळी तिथे फुलांचे फोटो येत, मग भाडं जमा झालं का याची चौकशी, मग कुणीतरी विचारी, विद्या कशी आहे? काका फोटो टाकत. हिरव्या बाजूने काढलेला. त्यावर हात जोडलेले, डोळ्यांत बदाम असलेले चेहरे येत. नाशिकच्या मुलीने कळवलं की तिच्या लेकाने पुस्तकात ठेवलेली डहाळी अजून ताजी आहे. काकांनी ते वाचून फोन उपडा ठेवला. खुडलेली डहाळीही ताजी होती आणि बाल्कनीतली विद्याही.

पावसाळा आला तसं ग्रिलमधल्या पिंपळांना तांबूस पालवी फुटली, उंबराने डब्याच्या भोकातून मुळं बाहेर काढली. विद्येला काही झालं नाही. एकही नवं टोक नाही, एकही पिवळं पान नाही. जिवंत झाड त्या दिवसांत काहीतरी करतंच. काकांना ते दिसत होतं. ते डहाळी वाकवून बघत नव्हते, एवढंच. मावशीने एकदा सुचवलं की मॅडमना बोलवा, त्या सांगतील. काका म्हणाले, त्या कशाला, येवढ्या लांब, पावसात.

श्रावणात एका दुपारी मी तिथे होते. काकांनी अचानक नखाने एका फांदीची साल खरवडली. आत कोरडं, बदामी. त्यांनी थोडं खाली खरवडलं. मग आणखी खाली. असं करत ते बुंध्यापर्यंत आले आणि तिथे चाकू लागला. चाकू घेऊन ते बराच वेळ खाली बसले होते. मी आणि मावशी दारात. शेवटी एका डहाळीला त्यांचा हात लागला, ती कट्कन मोडली, आणि ते उठले. "चैत्रातच गेली असणार," ते म्हणाले. म्हणजे आम्ही सगळे फोटो पाहत होतो तेव्हाच.

त्यानंतर रंग उतरायला लागला. आधी कडा, मग सगळंच, पितळेच्या जुन्या भांड्यासारखं. ग्रुपवर विचारणं चालूच होतं. जुने फोटो पुन्हा टाकायचे काकांच्या मनात आलं असेल, पण त्यांनी टाकले नाहीत. मी विचारलं, मी लिहून देऊ का? नको म्हणाले. सोपवलेलं त्यांच्याकडे होतं.

एका बोटाने टाइप करायला त्यांना वेळ लागला. आधी त्यांनी 'मेले' असा शब्द लिहिला होता, तो मी पाहिला. विद्येबद्दल तसं लिहिणं त्यांना बरं वाटेना. तो पुसून त्यांनी संदेश पाठवला: नमस्कार. कळवण्यास दुःख होते की आपले विद्येचे झाड गेले. क्षमस्व. दत्ताराम कोयंडे.

पहिलं उत्तर मिराश्यांचं आलं. "गेलं? कोणी नेलं?"

मग फोन थांबेचना. कधी नेलं? बाल्कनीतून? नाही, खाली ठेवलं असेल. भांडुपच्या त्या बिल्डिंगला सीसीटीव्ही नाही का? वॉचमन काय करत होता? यार, एवढी जड पेटी, दोघं-तिघं असणार. बोन्सायला हल्ली फार किंमत येते, मी वाचलंय. आता विद्यापण चोरीला जायला लागली, वाट लागली सगळ्याची. सुगंधाताईंना टाइप करता येत नसे, त्यांचा आवाज आला, थरथरता. दत्ताराम, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी काय चूक. नाशिकच्या मुलीने एकोपातल्या झाडाचा जुना फोटो शोधून टाकला, म्हणजे पोलिसांना दाखवता येईल.

काका फोन समोर धरून वाचत होते. चष्मा खाली घसरला होता. यज्ञेशचा फोन आला. तो ऑफिसातून निघत होता. म्हणाला, काका, मी येतो, आपण चौकीवर जाऊन तक्रार देऊ. काकांनी नको रे, नको, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, असं कसं नको? काकांनी त्याला बोलू दिलं आणि मग फोन मावशीकडे दिला. मावशीने काहीतरी सांगून तो ठेवला.

बाल्कनीत पेटी होती. पावसाची झड आत येऊन तांबूस चुरा लादीवर पसरला होता. मावशी तो केरसुणीने गोळा करत होती. हात थांबवून ती म्हणाली, "खरा काय ता लिवा. मेला म्हणान लिवा. उगाच त्या वॉचमनचा नाव कित्याक?"

काकांनी वॉचमनपुरतं लगेच लिहिलं: वॉचमनचा दोष नाही, कृपया कुणावर संशय नको. ते पाठवलं. त्यावर पुन्हा हात जोडलेले आले, आणि किती मोठ्या मनाचा माणूस, असं कुणीतरी म्हटलं. पुढची ओळ त्यांनी सुरू केली, पुसली, पुन्हा सुरू केली.

"लिवा मां," मावशी म्हणाली.

"मगे इचारतले, कशान मेला." ते फोनकडेच बघत होते. "काय सांगू? सुगंधाताईंका सांगू?"

मावशीने केरसुणी बाजूला ठेवली. सुपलीतला चुरा तिने पिंपळांच्या डब्यांत थोडा थोडा टाकला. फोन पुन्हा वाजायला लागला, यज्ञेशच होता. काकांनी तो वाजू दिला.

"असांदे गो," ते म्हणाले. "चोर असलो तरी तो झाडाक पाणी घालतलो."